पाच रचना, तीन वाटेकरी : प्रकल्प नोंदी

काम : व्हायोलिन, गिटार आणि तालवाद्यांच्या पाच रचना स्वतः रेकॉर्ड करायच्या आणि कुठल्याही कंपनीशिवाय ऑनलाइन विकायच्या. आम्ही तिघे. व्हायोलिन ताईचं, तालवाद्यं दादाची. गिटार, रेकॉर्डिंग आणि ही वही माझ्याकडे. पैशांचे आकडे चलनात लिहिलेले नाहीत. एकूण खर्च १०० धरलाय आणि जमाही त्याच मापात.

९ जानेवारी

पहिली बैठक. दादानं अट घातली : एकही सूर वाजायच्या आधी प्रत्येकानं एका ओळीत लिहायचं की हे काम जमलं असं कधी म्हणायचं.

ताईनं लिहिलं : ज्याची आपली ओळखदेख नाही अशा माणसानं तिसरी रचना शेवटपर्यंत ऐकली, तर.

दादानं लिहिलं : पुढच्या रेकॉर्डिंगचा खर्च ह्यातून निघाला, तर.

मी बराच वेळ पेन चावत बसलो आणि लिहिलं : शंभर जणांनी विकत घेतलं, तर. ताईनं विचारलं, शंभरच का? मला उत्तर देता आलं नाही. आकडा गोल आहे, एवढंच.

तिन्ही चिठ्ठ्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवल्या. मागाहून खाडाखोड करायची नाही असं ठरलं.

१४ जानेवारी

लेखक केव्हिन केली यांचा २००८ मधला 'हजार खरे चाहते' हा सिद्धांत दोघांना समजावून सांगितला. हिशेब सोपा आहे : हजार माणसं अशी जोडा की तुम्ही जे काही कराल ते ती घेतील. प्रत्येकानं वर्षाला १०० डॉलर खर्च केले, तर लाख डॉलर झाले. मोठं नाव नको, कंपनी नको.

मी रंगात आलो होतो. दादानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन प्रश्न विचारले. एक, आपण तिघं आहोत, मग हजार की तीन हजार? दोन, वर्षाला शंभर डॉलर खर्चायला त्यांच्यापुढे ठेवायचं काय? आपल्याकडे पाच रचना आहेत.

दुसरा प्रश्न जास्त बोचला. चाहते मिळवण्याचं गणित सगळे करतात. त्यांच्यासाठी वर्षभर काहीतरी बनवत राहण्याचं गणित कोणी मांडत नाही. त्याच वर्षी अँबियंट संगीतकार रॉबर्ट रिच यांनी स्वतःच्या अनुभवातून केलींना कळवलं होतं की असं जगता येतं, पण ते फार कष्टाचं आहे. केलींनी तेही प्रसिद्ध केलं, हे मला आवडलं.

२६ जानेवारी

वाटणीपत्रक. अर्ध्या तासात उरकेल वाटलं होतं, संध्याकाळ गेली.

रेकॉर्डिंग ही एक मालमत्ता आणि त्यात वाजलेली रचना ही दुसरी. दोन्हींचे हक्क वेगळे, पैसे येण्याच्या वाटाही वेगळ्या. रेकॉर्डिंगचे तीन समान भाग, यावर वाद नव्हता. तीन रचना ताईच्या, दोन माझ्या, असं मी लिहायला घेतलं आणि दादा गप्प झाला. मग म्हणाला, "चौथ्या रचनेतून माझा ताल काढ आणि काय उरतं ते वाजवून दाखव."

मी वाजवून दाखवलं. काहीही उरलं नाही. चौथी रचना आता निम्मी त्याची.

लक्षात ठेवायचं : ऑनलाइन वितरक (आपले ट्रॅक स्ट्रीमिंग सेवांवर चढवणारी कंपनी) फक्त रेकॉर्डिंगचे पैसे आणून देतो. रचनेची रॉयल्टी हवी असेल तर हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे ज्यानं त्यानं वेगळी नोंदणी करायची. अनेक जण ही नोंदणी करतच नाहीत आणि ते पैसे तसेच पडून राहतात.

८ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग दोन दिवसांत संपलं. एकाच खोलीत, एकमेकांसमोर बसून. तिसरी रचना तेराव्या टेकला जमली. गिटारच्या माइकात व्हायोलिनचं लीकेज, म्हणजे शिरलेला आवाज, बरंच आहे. ऐकायला गोडच वाटतंय. तसंच ठेवू.

२१ फेब्रुवारी

मिक्सवर वाद. तिसऱ्या रचनेत पहिलं दीड मिनिट फक्त व्हायोलिन आहे, तेही इतकं हळू की आजूबाजूला पंखा असेल तर ऐकू येणार नाही. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय एक स्ट्रीम मोजला जात नाही. म्हणून मी सुचवलं की स्ट्रीमिंगसाठी सुरुवात कापून दुसरी आवृत्ती करू.

ताई म्हणाली, "माझी ओळ वाचलीस ना? शेवटपर्यंत ऐकावं असं लिहिलंय. अर्ध्यातून सुरू करावं असं नाही." विषय संपला.

मास्टरिंगमध्ये (ट्रॅकवरचा शेवटचा हात) मात्र चांगली बातमी. स्पॉटिफाय सगळ्या ट्रॅकचा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) या पातळीवर आणून वाजवतं. तुम्ही ट्रॅक दाबून दाबून कितीही मोठा केलात तरी तिथे तो खालीच ओढला जातो. ठोक्यांची धार तेवढी वाया जाते. दादाला हे सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर न्याय मिळाल्याचा आनंद दिसला.

२७ फेब्रुवारी

कुठे विकायचं? आजची नोंद लांबणार.

आधी स्ट्रीमिंग. वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे एका हौदात जमतात आणि महिन्याच्या एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा हिस्सा तेवढे त्याला. म्हणजे कोणी महिनाभर फक्त आम्हालाच ऐकलं, तरी त्याची वर्गणी आमच्याकडे येत नाही, हौदात जाते. साउंडक्लाउडनं २०२१ मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी उलटी पद्धत आणली : श्रोत्याचे पैसे त्यानं ज्यांना ऐकलं त्यांच्यातच वाटायचे. थोड्या पण जिवाभावाच्या श्रोत्यांवर जगणाऱ्यांना ही पद्धत बरी. पण आमचे संभाव्य श्रोते बहुतेक करून तिथे नाहीत.

शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या ट्रॅकला मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाले नाहीत, त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. आमच्या पाचपैकी किती ट्रॅक हा उंबरठा ओलांडतील? ताई म्हणाली एक. दादा म्हणाला एकही नाही. मी गप्प.

मग बँडकॅम्प, कलाकारांनी थेट श्रोत्यांना संगीत विकायचं ऑनलाइन दुकान. २००८ पासून आहे. डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापून घेतात, सीडी-टीशर्टसारख्या वस्तूंवर १० टक्के. पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. खरेदीदार किमतीपेक्षा जास्त देऊ शकतो, एमपी३ नको असेल तर फ्लॅक (आवाजाचा दर्जा कमी न करणारी फाइल) उतरवून घेऊ शकतो. माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट : खरेदीदारानं परवानगी दिली तर त्याचा ईमेल पत्ता आपल्याला मिळतो. स्ट्रीमिंगवर हजार लोकांनी ऐकलं तरी त्यातल्या एकाला 'नवीन काहीतरी केलंय' असं कळवायची सोय हाती येत नाही.

तरी दादाचा इशारा लिहून ठेवतो : "दुकान आपलं नाही. गाळा भाड्यानं घेतलाय." खरंच आहे. बँडकॅम्प २०२२ मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ गेम कंपनीनं घेतलं, २०२३ मध्ये ते साँगट्रॅडर या संगीत परवाने देणाऱ्या कंपनीकडे गेलं आणि त्या फेरफारात जवळजवळ निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. त्याआधीचं उदाहरण सीडी बेबीचं. डेरेक सिव्हर्स यांनी १९९८ मध्ये स्वतःची सीडी विकायला सुरू केलेलं हे दुकान हजारो स्वतंत्र कलाकारांचा आधार झालं. २०२० मध्ये दुकान बंद झालं, वितरणाचं काम तेवढं राहिलं.

ठरलं : विक्री बँडकॅम्पवर, स्ट्रीमिंग ओळख व्हावी म्हणून. आणि दर महिन्याच्या एक तारखेला पत्त्यांची यादी उतरवून आपल्याकडे ठेवायची. ते काम माझं.

५ मार्च

वितरक निवडला. काही जण दरवर्षी वर्गणी घेतात, काही प्रत्येक अल्बममागे एकदाच पैसे घेऊन पुढे थोडे टक्के कापतात. वर्षाला तीन-चार गोष्टी काढणाऱ्याला वर्गणी परवडते. पण वर्गणी थांबली की ट्रॅक उतरवले जाऊ शकतात, हे लोकांना उशिरा कळतं. आम्ही दोन वर्षांतून एकदा काहीतरी काढणारे. एकदाच पैसे देणारा पर्याय घेतला.

प्रत्येक ट्रॅकला बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, मिळाला. तो वहीत उतरवलाय. उद्या वितरक बदलला तर हाच क्रमांक द्यायचा. नवा घेतला तर जमलेले आकडे मागे राहायची भीती.

१८ मार्च

किंमत. रेडिओहेड या बँडनं २००७ मध्ये अख्खा अल्बम 'वाटेल ते द्या' म्हणून ठेवला होता, तसं करावं असं ताईचं मत. दुसऱ्या टोकाला नाइन इंच नेल्स हा बँड : २००८ मध्ये ३६ ट्रॅकपैकी ९ फुकट आणि ३०० डॉलरची खास आवृत्ती, फक्त २५०० प्रती, सगळ्या संपल्या. दादाचं म्हणणं, ही दोन्ही उदाहरणं आपल्या कामाची नाहीत. दोघांनाही मोठ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं आपल्या पैशानं नाव मिळवून दिलं होतं आणि मग ते मोकळे झाले. आपण फुकट ठेवलं तर ते फुकटच जाईल.

त्यामुळे ठरलेली किमान किंमत, वर जास्त द्यायची मुभा.

ताईनं जाता जाता सांगितलं की तिचे विद्यार्थी सरावाला ट्रॅक मागतात. व्हायोलिन वगळून बाकी सगळं, म्हणजे मायनस वन. पाचही रचनांचे तसे ट्रॅक आणि स्वरलेखन मिळून एक संच करून विकू या का? किंमत अल्बमएवढीच.

मी विरोध केला. आपण संगीत विकतोय, सरावाचं साहित्य नाही. दादा म्हणाला, "तुझ्या शंभरात ते मोजू नकोस म्हणजे झालं." संच करायचं ठरलं. फायली काढायला एक रविवार गेला, मनाविरुद्ध.

२ एप्रिल

आजवरच्या मैफलींतून जमलेल्या २१४ पत्त्यांना पाठवायचं पत्र लिहिलं. पहिला मसुदा वाचून ताई म्हणाली, हे कोणी लिहिलंय, बँकेनं? दुसऱ्या मसुद्यात तेराव्या टेकची गोष्ट सांगितली : बाराव्याला तार तुटली, नवी तार अजून बसायची होती आणि तिच्या त्या किंचित उतरत्या सुरामुळेच तो टेक जमला. 'आमचा नवा अल्बम आला आहे' हे वाक्य चौथ्या परिच्छेदात गेलं.

१४ एप्रिल

प्रकाशन. मंगळवार निवडला. २०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी येतं आणि त्या दिवशी आमच्यासारख्यांचा आवाज त्या गर्दीत कोणालाही ऐकू येणार नाही.

रात्रीपर्यंत १७ खरेदी. त्यातले १५ ओळखीचे.

१५ एप्रिल

सकाळपासून आकडा अकरा वेळा पाहिला. कामाला हात लावला नाही.

१९ एप्रिल

३८. दादानं माझ्या फोनवरून ते अ‍ॅप काढून टाकलं. हिशेब आठवड्यातून एकदा, संगणकावर, रविवारी, असा नियम केला.

३ मे

दुसऱ्या रचनेला चार दिवसांत ६,००० स्ट्रीम! आधी नाचलो. मग पाहिलं तर सगळे एकाच प्लेलिस्टमधून. तिचं नाव कधी ऐकलेलं नाही, त्यातले बाकीचे कलाकारही कोणाला माहीत नाहीत आणि बहुतेक ऐकणारे एकाच शहरातले. आमचा अल्बम कोणी जतन केला नाही, कोणी आम्हाला फॉलो केलं नाही, बाकीचे चार ट्रॅक कोणी उघडलेही नाहीत. माणसं अशी ऐकत नाहीत.

आम्ही कोणालाही पैसे दिलेले नाहीत. पण असे यांत्रिक श्रोते पुरवणारे लोक आपले गिऱ्हाईक लपवायला भलत्याच कलाकारांचे ट्रॅकही मध्ये टाकतात, असं ऐकून होतो. वितरकाला आजच कळवलं.

२० मे

दुसरी रचना स्ट्रीमिंगवरून उतरवली गेली. कारण : कृत्रिम स्ट्रीम. २०२४ पासून स्पॉटिफाय अशा प्रकारांत ट्रॅकमागे वितरकाकडून दंड घेतं, तेव्हा वितरक आधी ट्रॅक उतरवतो आणि मग विचारतो. खरं म्हणजे विचारतही नाही. ३ मेच्या माझ्या पत्राला ठरावीक छापाचं उत्तर आलं, तक्रार आम्हीच केली होती याचा उल्लेखही नाही.

ताईला फार लागलं. तिला वाटतंय लोक म्हणतील आम्ही आकडे विकत घेतले. कोण लोक, असं दादानं विचारलं, पण हळू आवाजात.

१४ जून

ट्रॅक परत चढवला, जुन्याच आयएसआरसीवर. आकडा शून्याजवळून सुरू. हजाराचा उंबरठा ह्या एकाच ट्रॅकनं ओलांडला असता.

२८ जून

पहिला हिशेब. अल्बम ७३ जणांनी घेतला. ४१ जण पत्राच्या यादीतले, २९ जणांनी किमतीपेक्षा जास्त दिले. कापाकापी होऊन ३१ जमा. स्ट्रीमिंगचे २. आणि मायनस वनचा संच ९० जणांनी घेतला : जमा ४०.

हे मी तीनदा तपासलं. ज्याच्यावर मी एक रविवार मनाविरुद्ध घालवला, ते अल्बमपेक्षा जास्त खपतंय. ना जाहिरात, ना पत्र. व्हायोलिन शिकवणारी कोणीतरी बाई आपल्या वर्गाला सांगते आणि दुसऱ्या दिवशी सात खरेदी येतात.

दादानं मैफलींचा दौरा सुचवला, तिथे मायनस वन चालणार नाही म्हणून. त्याला पाँपलमूस या जोडीचा २०१४ मधला हिशेब दाखवला. जवळजवळ महिनाभराचा दौरा, २४ कार्यक्रम, तिकिटं चांगली खपली आणि शेवटी ११,८१९ डॉलरचा तोटा. त्यांनी हा हिशेब स्वतःच जाहीर केला. वर स्पष्ट लिहिलं की आम्ही हे पैसे गुंतवले असं समजतो. दादानं सगळ्या रकमा वाचल्या आणि म्हणाला, "त्यांना गुंतवायला होते."

१२ जुलै

बँडकॅम्पवर ऐकण्याचे तीन रकाने दिसतात : दहा टक्क्यांच्या आत सोडून दिलेलं, अर्धवट, आणि नव्वद टक्क्यांच्या पुढे म्हणजे जवळपास पूर्ण. ताईची चिठ्ठी मोजता येईल असं मला वाटलंच नव्हतं. तिसरी रचना : सोडून दिली ६४ वेळा, अर्धवट ४१, पूर्ण १९.

ताईनं विचारलं, "ह्या १९ मध्ये आपण तिघं किती वेळा आहोत?"

मी स्वतः पाच वेळा ऐकलीय. दादा म्हणाला दोनदा. ताई म्हणाली तिनं एकदाही ऐकलेली नाही. उरले बारा. त्यातले अनोळखी किती, हे कळायला मार्ग नाही. ताई मात्र खूश होऊन घरी गेली. माझ्या डोळ्यांपुढे ते ६४ राहिले.

९ ऑगस्ट

तक्रार आली. वाजवी आहे. मायनस वनच्या तिसऱ्या ट्रॅकमध्ये व्हायोलिन ऐकू येतं. लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखं. लिहिणाऱ्यानं म्हटलंय, 'सराव करताना कोणीतरी माझ्याआधी तीच चूक दुरुस्त करून वाजवतंय असं वाटतं.'

हे फेब्रुवारीतलं लीकेज. गिटारच्या माइकात शिरलेलं व्हायोलिन काढता येत नाही. ते गिटारच्या आवाजाचाच भाग झालंय. तेव्हा गोड वाटलेलं आता माल सदोष ठरवतंय. तिसरा ट्रॅक एकट्यानं पुन्हा वाजवून बदलून दिला. तीन तास गेले. स्वच्छ झालाय. ऐकताना झोप येते.

२७ सप्टेंबर

दुसरा हिशेब. अल्बम तेवढ्यावरच थांबलाय : ३१. स्ट्रीमिंग ३. मायनस वन ११८ जणांनी घेतला, जमा ५२. एकूण ८६.

चिठ्ठ्या काढल्या. दादाची ओळ : खर्च निघालेला नाही, पण पुढच्या खेपेला मिक्सिंग मीच करणार, त्यामुळे ८६ मध्ये भागतंय. दादा म्हणतो जमलं म्हण. ताईची ओळ : ती म्हणते जमलं.

माझी ओळ : शंभर जणांनी विकत घेतलं, तर. अल्बम ७३, संच ११८, दोन्ही घेणारे २२. म्हणजे १६९ माणसं. पण दादानं मार्चमध्येच सांगितलं होतं, ते मोजू नकोस. चिठ्ठी पुन्हा वाचली. काय विकत घेतलं, हे मी लिहिलेलंच नाही.

४ ऑक्टोबर

पुढच्या रेकॉर्डिंगची बैठक. दादा म्हणतो, या वेळी व्हायोलिन वेगळ्या खोलीत बसवू, कानात हेडफोन, म्हणजे मायनस वन पहिल्यापासून स्वच्छ मिळतील. पैशाच्या बाजूनं तो बरोबर आहे. ज्यानं आपलं पोट भरतंय त्याची सोय आधी बघायला नको का, असा त्याचा सवाल.

मी दोन्ही तिसऱ्या रचना लावून दाखवल्या. तेरावा टेक आणि ऑगस्टमधला स्वच्छ. तेराव्यात मी ताईच्या खांद्याकडे बघून वाजवत होतो. तिचा गज उचलला जाताना दिसायचा आणि त्यावरून कळायचं, आता थांबायचं. मधल्या भिंतीतून खांदा दिसत नाही.

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, दोन रचना एकत्र, तीन वेगळ्या. कुठल्या दोन, यावर पुन्हा तासभर.

ताईनं वाद ऐकता ऐकता नवी तार बसवली, सुरात लावली आणि तिच्या नव्या रचनेचा सुरुवातीचा भाग वाजवला. पुन्हा तेच, दीड मिनिटाचं एकटं व्हायोलिन. ह्या वेळी दोन मिनिटांचं निघालं.

११ ऑक्टोबर

स्टुडिओ १४ आणि १५ नोव्हेंबरला मिळाला. दोन खोल्या आहेत, मध्ये काच आहे. काचेतून खांदा दिसेल का, ते आधीच्या शनिवारी जाऊन बघायचं.